प्रोपेलर शाफ्ट आणि क्रॉस: जुन्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९६८ ची सीजे-३बी जीप आहे आणि वडिलांनी ठेवलेली एक ॲम्बेसेडर. दोन्ही गाड्यांखाली झोपून माझे बरेच रविवार गेलेत. त्यामुळे नाशिकमधले ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि मधे उघडा लोखंडी शाफ्ट, अशा कुठल्याही जुन्या गाडीला यातलं बहुतेक लागू पडेल.

प्रोपेलर, कार्डन, यू.जे., क्रॉस... यातलं नेमकं कशाला काय म्हणतात?

गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत जाणारी पोकळ नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. त्यालाच कोणी कार्डन शाफ्ट म्हणतं. ते नाव सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्दानोवरून आलं. नळीच्या दोन्ही टोकांना जे हलते-वळते सांधे असतात ते युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजेच यू.जे. या सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा म्हणजे क्रॉस. त्याच्या चार टोकांवर चार कप बसतात, कपांच्या आत सुयांसारखे बारीक रोलर असतात आणि कप बाहेर येऊ नये म्हणून लॉक, म्हणजे सर्क्लिप. क्रॉसला दोन बाजूंनी धरणारे चिमट्यासारखे हात म्हणजे योक. दुकानात जाऊन ‘युनिव्हर्सल जॉइंट द्या’ म्हणालात तर पोरगा एक क्षण थांबतो. ‘क्रॉस द्या’ म्हटलं की लगेच ‘कुठल्या गाडीचा?’ असं विचारतो.

मोटारीत हा सांधा रुळवला तो क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकन माणसाने. त्याचं पेटंट १९०३ चं. इंग्लंडात हार्डी स्पायसरने तेच काम केलं आणि मॉरिस या ब्रिटिश गाडीच्या घराण्यातली म्हणून आपल्या ॲम्बेसेडरखालीही त्याच धाटणीचा शाफ्ट आला.

मुळात सांधे लागतात कशाला? गिअरबॉक्स चासीला बांधलेला असतो आणि मागचा धुरा पाट्यांच्या स्प्रिंगवर वरखाली नाचत असतो. खड्ड्यात चाक गेलं की दोघांमधला कोनही बदलतो आणि अंतरही. कोनाचं काम क्रॉस सांभाळतो. अंतराचं काम स्प्लाइन सांभाळते, म्हणजे दात्यांचा तो भाग, जिथे एक तुकडा दुसऱ्यात पुढेमागे सरकतो.

क्रॉस गेलाय हे गाडी चालवतानाच कळतं का?

बहुतेक वेळा कळतं, कान द्यायची सवय हवी.

हळू चालताना, विशेषतः गल्लीत भिंतीजवळून, चाकाच्या तालावर ‘चिक-चिक-चिक’ असा उंदरासारखा आवाज येत असेल तर एखाद्या कपातलं ग्रीस संपलंय. या टप्प्यावर ग्रीस मारून कधी कधी जीव वाचतो. क्लच सोडताना किंवा पुढच्या गिअरवरून रिव्हर्स टाकताना ‘टक्’ असा एक ठोका आला तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, पडलाय. तो प्ले क्रॉसमध्ये असेल, स्प्लाइनमध्ये असेल, क्राउन-पिनियनमध्ये (मागच्या धुऱ्यातल्या, ताकद चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी चक्रांत) असेल किंवा फ्लँजचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या जोडचकतीचा, बोल्ट नुसता ढिला असेल. म्हणून ठोका ऐकल्याबरोबर क्रॉस आणायला धावू नका.

तिसरं लक्षण कंप. ठरावीक वेगाला सीटखाली धडधड सुरू होते आणि वेग बदलला की जाते. अशा वेळी मोकळ्या रस्त्यावर त्या वेगाला जाऊन क्लच दाबा आणि गाडी न्यूट्रलला वाहू द्या. इंजिनचा आवाज खाली आला तरी धडधड तशीच असेल तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. इंजिनबरोबर धडधडही गेली तर प्रोपेलरला सध्या सोडा, माउंटिंग आणि क्लचकडे बघा.

चाकाचा कंप आणि शाफ्टचा कंप वेगळा ओळखता येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा मागचा रेशो ४.८८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट जवळजवळ पाच फेरे घेतो. ताशी ६० च्या वेगाला शाफ्ट मिनिटाला सव्वादोन हजारांच्या आसपास फिरतो, चाक जेमतेम साडेचारशे-पावणेपाचशे. चाकाचा कंप सावकाश डुलवतो, शाफ्टचा मुंग्या आल्यासारखा बारीक झिणझिणतो.

गाडीखाली जाऊन हाताने कसं तपासायचं?

आधी गाडी नीट उभी करा. जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. घोड्या, म्हणजे पक्के स्टँड, लावा, जमिनीवरच्या चाकांना पुढेमागे ठोकळे लावा.

मग सांध्याच्या एका बाजूचा योक डाव्या हातात, दुसऱ्या बाजूचा उजव्या हातात धरून उलटसुलट पिळा. नंतर वरखाली उचलून बघा. डोळे कपावर ठेवा. योक आणि क्रॉस यांच्यात केसाएवढी जरी हालचाल दिसली तरी क्रॉस बदलायचा. कपाच्या तोंडाशी तांबूस भुकटी साचलेली दिसली तर हात लावायचीही गरज नाही, ती गंजलेल्या सुयांची पूड असते. सांधा घट्ट आहे, पण आख्खा शाफ्टच थोडा मागेपुढे फिरतोय, असं असेल तर तो प्ले क्राउन-पिनियनचा. जुन्या गाडीत तो थोडा असतोच.

शाफ्ट उतरवताना सगळ्यात महत्त्वाचं काय?

खूण. पाना हातात घ्यायच्या आधी खूण.

शाफ्टचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज एकमेकांना जिथे भेटतात तिथे दोन्हीवर सेंटर पंचने एक एक ठिपका. पुढच्या टोकाला दोन दोन ठिपके. स्प्लाइनचे दोन तुकडे वेगळे होणार असतील तर त्या दोघांवरही. रंगाची रेघ चालते, पण डिझेलने धुताना ती जाते आणि मग आपण कपाळाला हात लावतो. पंचची खूण राहते.

शाफ्ट कारखान्यात तोलला जातो तो एका ठरावीक स्थितीत. वर्षानुवर्षं तो त्याच फ्लँजला, त्याच बाजूने बसून फिरलेला असतो. चार बोल्टच्या फ्लँजवर तो अर्धा फेरा फिरवूनही बसतो, बोल्ट जातात, सगळं ठीक दिसतं, आणि पन्नासच्या पुढे गाडी कुरकुरायला लागते. नवीन क्रॉस घातल्यावर जे कंप येतात त्यातले निम्म्याहून जास्त उतरवताना खूण न केल्यामुळे असतात, असं माझं मत आहे. निदान माझ्याकडे आलेल्या फोनांवरून तरी.

बोल्ट सैल करताना गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे शाफ्ट फिरणार नाही. पुढचा बोल्ट समोर आणायला न्यूट्रल करा, शाफ्ट हाताने फिरवा, परत गिअर. यासाठी मागची चाकं उचललेली हवीत. एक टोक सुटलं की शाफ्ट दुसऱ्या क्रॉसवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने किंवा दोरीने चासीला बांधून ठेवा. यू-बोल्टचा सांधा (क्रॉसचे दोन कप यू आकाराच्या बोल्टने बांधलेला) असेल तर मोकळ्या झालेल्या दोन कपांवर लगेच चिकटपट्टी गुंडाळा. एक कप खाली पडला की सुया गॅरेजभर होतात.

शाफ्ट काढल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवली तर थांबेल ना?

नाही. इंजिन आणि चाकं यांचं नातंच तुटलेलं असतं. त्यात जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांना नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या शाफ्टांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट उतरवला की हँडब्रेक मागच्या चाकांना धरत नाही आणि गिअरही. आमच्या गल्लीला किंचित उतार आहे, हे मला असंच कळलं. गाडी फार गेली नाही, शेजारच्या तुळशीवृंदावनाशी थांबली. ठोकळे लावा.

‘फेज’ म्हणजे काय? मिस्त्री म्हणतात काही फरक पडत नाही.

पडतो. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

क्रॉसचा सांधा कोनात फिरायला लागला की एक गंमत होते. अलीकडची बाजू एकसारख्या वेगाने फिरत असते, पण पलीकडची बाजू एका फेऱ्यात दोनदा थोडी पुढे पळते आणि दोनदा थोडी मागे रेंगाळते. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने या सांध्याचा अभ्यास केला, म्हणून त्याला हूक जॉइंटही म्हणतात. सांध्याचा कोन ३ अंश असेल तर हा चढउतार नगण्य, हजारात दीडेक. १० अंशाला तो दीड टक्का वर आणि दीड टक्का खाली होतो. २० अंशाला सहा-सहा टक्के. म्हणजे सेकंदाला तीसचाळीस फेरे घेणारा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा धक्का खातो.

मग गाडी चालते कशी? दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा सांधा असतो आणि तो नेमकं उलटं करतो. पहिला पुढे पळवतो तेव्हा दुसरा मागे खेचतो, हिशेब शून्य. मात्र त्याला दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि नळीच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. ही दुसरी अट म्हणजेच फेज. शाफ्ट जमिनीवर ठेवून एका टोकाकडून बघा. जवळच्या योकचे कान आडवे असतील तर लांबच्या योकचेही आडवेच दिसले पाहिजेत.

द्राक्षबागायतदारांना हे वेगळं सांगावं लागत नाही. दिंडोरी-पिंपळगावकडे फवारणीच्या ब्लोअरला ट्रॅक्टरचा जो पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा) जोडतात, त्याला दोन्ही टोकांना असेच क्रॉस असतात. तो ५४० फेऱ्यांवर चालतो, तरी वळणावर कोन वाढला की कसा खडखडतो ते त्यांनी ऐकलेलं असतं.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी जीपचा मागचा शाफ्ट क्रॉस बदलायला एका गॅरेजमध्ये दिला. परत आला आणि चाळिसाला ड्रम वाजल्यासारखा आवाज. चाकं बॅलन्स केली. इंजिनची माउंटिंग बदलली. तीनदा गाडी परत नेली. ‘शेठ, जुनी गाडी म्हटल्यावर थोडं चालायचंच,’ असं उत्तर मिळालं. शेवटी एका रविवारी चहाचा ग्लास बाजूला ठेवून गाडीखाली गेलो आणि स्प्लाइनवरची माती पाण्याने धुतली. खाली दोन बाण निघाले. कारखान्यानेच कोरलेले, एक नळीवर, एक सरकत्या तुकड्यावर, एकमेकांकडे तोंड करून असायला हवेत असे. ते दोन दात चुकले होते. स्प्लाइन ओढून काढली, दोन दात फिरवून परत घातली. वीस मिनिटांचं काम. आवाज गेला.

ही चूक कुठल्या गाडीत होऊ शकते तेही समजून घ्या. जीपसारखी स्प्लाइन शाफ्टमध्येच, दोन सांध्यांच्या मधे असेल तर दात चुकू शकतात. पण पुढचा योक सरळ गिअरबॉक्सच्या शेपटीत सरकत असेल तर नळीच्या दोन्ही टोकांचे योक नळीलाच वेल्ड केलेले असतात. तिथे फेज चुकणं शक्य नाही, फक्त तोल चुकू शकतो. आपली रचना कोणती हे खाली वाकून एकदा पाहिलं की झालं.

शाफ्ट ओढला आणि गिअरबॉक्समधून तेल वाहायला लागलं. काही तुटलं का?

नाही. योक गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडात सरकणारा असेल तर तोच तिथलं बूच असतो. काढायच्या आधी गाडीची शेपूट थोडी उंच ठेवा आणि तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी रबराने घट्ट बांधा. गेलेलं तेल परत भरायला विसरू नका. त्या तोंडातलं ऑइल सील आता समोर आलंच आहे, तर आत्ताच बदला. नवा योक घालण्याआधी सीलच्या ओठाला तेल लावा आणि योकच्या बाहेरच्या पृष्ठभागावर सीलने कोरलेली खाच नाही ना, हे नखाने तपासा.

जुना क्रॉस योकमधून कसा काढायचा? हातोडीने?

हातोडीने, पण हिशेबाने.

सगळं डिझेलने धुऊन घ्या. दोन्ही योकवर एकमेकांची खूण. लॉक गंजून घट्ट झालेला असतो. कप आत ढकलेल एवढीच एक हलकी टिचकी मारली की लॉकवरचा दाब जातो आणि तो प्लायरने निघतो. चारही लॉक आधी काढा. एक राहिला आणि आपण ठोकत बसलो तर योकचा कान वाकतो.

पुढे दोन पद्धती. पहिली जुन्या मॅन्युअलची. शाफ्ट हातात असा धरा की कप वरच्या बाजूला येईल आणि योकच्या कानाला, कपाच्या शेजारी, तांब्याच्या किंवा नायलॉनच्या हातोडीने ठोके द्या. कप आपोआप वर येतो, मग चिमटीने धरून काढायचा. बघायला जादूसारखं वाटतं, पण फार गंजलेल्या सांध्यात चालत नाही. दुसरी व्हाइस (शिकंजा) आणि दोन गोट्या, म्हणजे पान्याचे सॉकेट. एका बाजूला कपापेक्षा थोडी लहान गोटी, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढी मोठी. व्हाइस आवळला की लहान गोटी एक कप आत ढकलते आणि समोरचा कप मोठ्या गोटीत येतो. शाफ्टची नळी मात्र व्हाइसमध्ये कधीही धरू नका. ती पातळ असते, एक पोचा आला की आयुष्यभराचा कंप.

कप काढले, क्रॉस बरा दिसतोय. धुऊन ग्रीस भरून परत घालू का?

क्रॉसच्या चारही खुंट्या पुसून कोरड्या करा आणि नख फिरवा. सुयांच्या रांगेप्रमाणे बारीक खाचा लागल्या तर तो कचऱ्यात. शाफ्टचा कोन फारसा बदलत नसला की सुया एकाच जागी डुलत राहतात आणि तिथेच खड्डे पाडतात. बाहेरून चकचकीत असलेला क्रॉस म्हणूनच आतून गेलेला असतो.

मग योकचं भोक. नवा कप भोकात बोटाने सहज गेला आणि फिरला तर भोक मोठं झालंय. तिथे कपाला पंचने ठोके मारून किंवा पत्रा घालून घट्ट करणारे लोक आहेत. मी करणार नाही. गाडी ताशी साठला असताना शाफ्ट पुढच्या टोकाला सुटून रस्त्याला टेकला तर काय होतं, ते कल्पनेतच बरं. योक बदला.

नवा क्रॉस दुकानातून कसा मागायचा?

गाडीच्या नावाने मागा, पण मापाने घ्या. साठ वर्षांत तुमच्या गाडीखाली आधी कोणी कोणत्या गाडीचा शाफ्ट बसवला असेल सांगता येत नाही. व्हर्निअरने दोन मापं घ्या, कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांच्या पाठींमधलं अंतर. स्पायसरच्या १३१० मालिकेतल्या क्रॉसचा कप २७ मिलिमीटरचा आणि अंतर साधारण ८१.८ मिलिमीटर, ही झाली उदाहरणाची मापं. लॉक कपाच्या बाहेर बसतो की योकच्या आतल्या बाजूने, तेही बघा. जुना क्रॉस खिशात घेऊन जाणं सगळ्यात सोपं, पण तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा. घरच्यांचा माझ्यावरचा राग अजून गेलेला नाही.

पीटीओचा क्रॉस दिसायला तसाच असतो आणि आपल्याकडे कुठल्याही ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतो. माप जुळलं तरी घेऊ नका. तो हजारांच्या फेऱ्यांसाठी बनवलेला नसतो.

नवीन क्रॉस बसवताना सांधा जाम होतो. का?

सुई पडली. दहापैकी नऊ वेळा हेच.

नवा कप उघडला की आधी आतल्या सुया बघा. सगळ्या भिंतीला लागून उभ्या, मधे फट नाही, असं हवं. कपात ग्रीसचा पातळ थर द्या, तो सुयांना चिकटवून ठेवतो. गच्च भरू नका, नाहीतर कोंडलेलं ग्रीस कप आत जाऊ देत नाही. योकची भोकं बारीक पॉलिश पेपरने साफ, लॉकच्या खाचेतली माती टोकदार वस्तूने खरवडून साफ.

क्रॉस योकमध्ये आधी घाला, ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) नळीच्या बाजूला येईल असा. फ्लँजच्या बाजूला गेला तर पुढे ग्रीस गन लागणार नाही आणि सगळं परत उघडावं लागेल. मग एक कप भोकात थोडा सुरू करा आणि क्रॉसची खुंटी उचलून त्या कपात घाला. इथून पुढे कप आत जात असताना खुंटी कपात राहिलीच पाहिजे. ती बाहेर आली की सुई आडवी पडते. व्हाइसने सावकाश दाबा, मधे मधे क्रॉस बोटाने हलवत राहा. एकदम कडक लागलं की थांबा.

आडवी सुई ओळखायची खूण म्हणजे लॉक खाचेत बसत नाही. कप एक-दीड मिलिमीटर बाहेर राहतो. अशा वेळी मोठी हातोडी मागवणारा माणूस मीही होतो. कपाचा तळ फुटला, दीडशे रुपयांचा क्रॉस गेला आणि शिकलो. कप काढा, सुई उभी करा, परत घाला.

लॉक बसला की स्क्रूड्रायव्हरने तो खाचेत फिरवून बघा. फिरला म्हणजे पूर्ण बसला. सांधा थोडा घट्ट वाटला तर योकच्या कानांवर नायलॉनच्या हातोडीचे दोन हलके ठोके द्या, कप बाहेरच्या बाजूला लॉकला टेकतात आणि सांधा मोकळा होतो. स्वतःच्या वजनाने हळूच खाली वळावा, पण लुळा पडू नये, एवढा हवा.

ग्रीस कोणतं आणि किती?

लिथियमचं, ईपी (जास्त दाब सोसणारं), एनएलजीआय २ नंबरचं (हा घट्टपणाचा नंबर). चाकांच्या बेअरिंगसाठी तुम्ही जे वापरता तेच बहुधा चालेल. काही जुन्या हँडबुकात या सांध्यांना ग्रीसऐवजी जाड गिअर ऑइल सांगितलेलं असतं. तुमच्या पुस्तकात तसं असेल आणि जुनाच क्रॉस असेल तर त्याचं ऐका.

चारही कपांच्या सीलमधून नवीन ग्रीस डोकावेपर्यंत गन मारायची. तीनच ठिकाणी आलं तर ‘पुरे झालं’ म्हणून उठू नका. चौथ्या कपाची वाट तुंबलेली आहे आणि तोच पुढच्या वर्षी चिकचिकणार. गन लावून ठेवून शाफ्ट थोडा हलवा, बहुतेक वेळा वाट उघडते.

दर दीड हजार किलोमीटरला एकदा हात फिरवावा. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडे जाणं असेल आणि गाडी पाण्यातून गेली असेल, तर किलोमीटर मोजू नका, घरी आल्यावर मारा. नव्या क्रॉसला निप्पल नसेल तर तो सीलबंद आहे, त्याला ग्रीस लागत नाही. मला मात्र निप्पलवालाच आवडतो. आपण काहीतरी केलं असं वाटतं.

फ्लँजचे बोल्ट हरवले. हार्डवेअरमधून आणू का?

इथे एक सापळा आहे. ॲम्बेसेडरसारख्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत यूएनएफ, म्हणजे इंची मापाच्या बारीक आट्यांचे बोल्ट असतात. ५/१६ इंचाचा बोल्ट म्हणजे ७.९४ मिलिमीटर. म्हणजे ८ मिलिमीटरचा बोल्ट फ्लँजच्या भोकात जवळजवळ जातो, आणि त्याला त्याचा ८ चा नट लावला की काम झाल्यासारखं वाटतं. पण त्याच्या आटीपर्यंतचा गुळगुळीत भाग बहुधा आखूड असतो आणि फ्लँज आटीवर टेकतो. आटीवर ताण आला की बोल्ट कातरतो. जुना बोल्ट नव्या नटात जबरदस्तीने घातला तर आटी उधळतात, ते वेगळंच.

हाय टेन्साइलचाच, योग्य लांबीचा, मूळ आट्यांचा बोल्ट शोधा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) नवीन घ्या, जुना परत वापरू नका. पानाही बघा. या बोल्टच्या डोक्याला अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा पाना लागतो. १३ चा पाना बसतो, पण घसरतो आणि डोकं गोल करतो. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून. यू-बोल्ट असेल तर हात आवरता घ्या. जास्त आवळला की कप चेपतो आणि नवा सांधा पहिल्याच दिवशी जड होतो.

फ्लँजचे दोन्ही चेहरे कोरडे आणि स्वच्छ असावेत. रंगाचा एक पापुद्राही मधे राहिला तरी शाफ्ट तिरका बसतो.

सगळं खुणेप्रमाणे केलं, तरी कंप आहे.

आधी फुकटची कारणं तपासा. सायलेन्सरचा पाइप शाफ्टला किंवा बॉडीला घासतोय का, बोल्ट राहिला का, नळीला चिखलाचा गोळा चिकटलाय का. अंडरकोटिंग मारताना नळीवरही फवारणारे महाभाग आहेत, ते सगळं खरवडून काढा. एका पट्टीत साठलेलं डांबरही तोल बिघडवतं.

मग कोन. मागच्या पाट्या बसल्या असतील, किंवा उंची वाढवायला कोणी जास्तीची पाटी घातली असेल, तर मागच्या टोकाचा कोन पुढच्याशी जुळत नाही. गाडी घोड्यांवर असताना कोन मोजू नका, धुरा लोंबत असतो. चाकांवर उभी करून मोजा.

शेवटी तोल. नळीवर दोन होज क्लॅम्प शेजारी शेजारी आवळा, एकाचा स्क्रू एकीकडे, दुसऱ्याचा दुसरीकडे. फिरवून बघा, जागा बदला, परत फिरवा. चाचणी करत करत कंप कमी होण्याची जागा सापडते. कंटाळवाणं, पण चालतं. सापडलं नाही तर ट्रकची कामं करणाऱ्यांकडे बॅलन्सिंगची चौकशी करा. आडगावच्या ट्रक टर्मिनलच्या बाजूला विचारायला सुरुवात करा. देताना आख्खा शाफ्ट द्या, नव्या क्रॉससकट, नुसती नळी नव्हे.

क्रॉस बदलला तर व्हिंटेज नोंदणीला अडचण येते का?

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. क्रॉस हा झिजणारा भाग. त्याने काही बिघडत नाही. शाफ्टच दुसऱ्या गाडीचा घालायला चासी कापावी लागली तर मात्र विचार करा.

रोड टेस्ट कुठे घ्यावी आणि नंतर काय बघावं?

द्वारकेच्या किंवा मुंबई नाक्याच्या गर्दीत काही कळत नाही. मी पहाटे पेठ रोडला जातो. आधी तीस, मग पन्नास, मग साठ, प्रत्येक वेगाला एकदा रेटून आणि एकदा न्यूट्रलला. परत आल्यावर प्रत्येक कपाला हात लावायचा. कोमट असेल तर ठीक. एकच कप बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर त्यात सुई पडलीय किंवा लॉक नीट बसलेला नाही. कसारा घाटासारखी चढण पहिल्याच दिवशी नको.

दोनशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर परत गाडीखाली जा आणि फ्लँजचे आठही नट पान्याने पडताळा. त्याच वेळी पंचच्या ठिपक्यांवर पांढऱ्या रंगाचा एक थेंब द्या. पुढच्या वेळी कोणीतरी दुसरंच, कदाचित तुमचाच मुलगा, ते शोधणार आहे.